सोसायटीतलं झाड तोडायचंय? आधी झाडाखाली उभे राहा, मग अर्ज लिहा

प्रश्न पुण्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा आहे. इमारत ऐंशीच्या दशकातली. कंपाउंडला लागून मोठा रेन ट्री आहे. मुळांनी भिंतीला तडा गेलाय, खोड पार्किंगकडे कललेलं आहे आणि गेल्या पावसाळ्यात एक फांदी दुचाकींवर पडली. सर्वसाधारण सभेनं बहुमतानं ठरवलं की पावसाळ्याआधी झाड काढून टाकायचं. ठेकेदार म्हणतो, "तुमच्या आवारातलं झाड, तुम्हाला परवानगी कशाला? रविवारी चार तासांत उरकतो." एक ज्येष्ठ सभासद मात्र महापालिकेत तक्रार करीन म्हणून अडून बसलेत. परवानगी लागते का, कुठून मिळते, किती वेळ जातो आणि तोवर काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे सेक्रेटरींना हवंय.

ठेकेदाराला आजच नाही सांगा. रविवारचा मुहूर्त तो उगाच काढत नाही. सुट्टीच्या दिवशी उद्यान विभागात फोन उचलायला माणूस कमी असतो, आणि सोमवारी उरतो तो फक्त बुंधा.

महाराष्ट्रातल्या शहरांत झाडांना लागू होतो तो १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. त्याचं कलम ८ स्वच्छ आहे: जमीन स्वतःच्या मालकीची असो वा नसो, वृक्ष प्राधिकरणाच्या (झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या महापालिकेच्या समितीच्या) पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि तोडवून घेताही येत नाही. हे 'तोडवून घेणं' पदाधिकाऱ्यांनी नीट वाचावं. करवत ठेकेदाराच्या हातात असली तरी ठरावाखाली सही तुमची असते. शिवाय कायद्याच्या व्याख्येत तोडणं म्हणजे फक्त बुंध्यापासून कापणं नव्हे. जाळणं, कापणं, झाडाला कुठल्याही रीतीनं इजा करणं हे सगळं त्यात येतं. खोडाभोवती साल सोलून काढणं, मुळाशी अ‍ॅसिड ओतणं, भोकं पाडून हिंग किंवा मोरचूद भरणं असले जे 'घरगुती उपाय' काही जण सुचवतात, ते गुन्ह्यातच मोडतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंड एका झाडामागे १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. बहुमताचा ठराव ही तुमच्या सोसायटीतली गोष्ट झाली. कायद्यापुढे त्याचा अर्थ एवढाच की अर्ज कोणाच्या वतीनं आला.

बारीकसारीक सोडलं तर फांद्यांच्या छाटणीलाही परवानगी घ्यायची असते, हे बऱ्याच सोसायट्यांच्या गावीही नसतं. सुकलेली डहाळी काढली म्हणून कोणी विचारत नाही, पण मनगटाएवढी, मांडीएवढी हिरवी फांदी उतरवायची तर कागद हातात हवा.

आता मुख्य गोष्ट. अशा प्रकरणांत अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा अर्जदाराला नेमकं काय हवंय हे त्यालाच ठाऊक नसल्यामुळे. 'झाड धोकादायक आहे, तोडावे' एवढ्या चार शब्दांवर उद्यान विभागाचा माणूस काय करणार? धोका कसला, कुठे, कशामुळे, हे त्याला दिसलं पाहिजे. निकाल फायलीत लागत नाही, झाडाखाली स्थळपाहणीत लागतो. म्हणून अर्ज लिहिण्याआधी तुम्ही स्वतः अर्धा तास झाडाखाली उभे राहा. जमलं तर उद्यानविद्या शिकलेला किंवा वृक्षतज्ज्ञ म्हणून काम करणारा माणूस घेऊन जा. त्याची फी सोसायटीला परवडते. चुकीचा अर्ज महाग पडतो.

कललेलं झाड म्हणजे पडणारं झाड, असं नसतं. शेंड्याकडे बघा. खोड तिरकं असून वरचा भाग परत सरळ उभा होत गेला असेल, तर झाड बरीच वर्षं त्या कलाशी जुळवून घेत आलंय. तो कल पेलायला त्यानं लाकूड आणि मुळंही वाढवलेली असतात. भीती असते ती नव्या कलाची. झाड कललंय त्याच्या विरुद्ध बाजूला बुंध्याजवळची माती उचलली गेली आहे का, जमिनीत कमानीसारखी भेग पडली आहे का, फरशा नुकत्याच वर आल्या आहेत का, हे पाहा. मागच्या वर्षीचा एखादा फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतोच. लग्नाचा, गणपतीचा, कसलाही. त्याच्याशी ताडून बघा. कल वाढला असेल तर ते अर्जात सर्वांत वर लिहायचं.

मग बुंध्याचा तळ. जमिनीलगत किंवा मुळांवर टणक, बशीसारख्या आळंब्या उगवल्या असतील तर आत कुज आहे हे जवळपास नक्की. वरून पानं हिरवीगार असली तरी मुळं गेलेली असू शकतात, आणि अशीच झाडं लोकांना फसवतात. ढोली दिसली तर लगेच घाबरू नका, मोजा. जुन्या झाडाचं मधलं लाकूड मेलेलंच असतं आणि पोकळ नळीही चांगलाच भार सोसते. उरलेल्या भक्कम कडेची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर काळजीचं कारण, असा एक जुना ठोकताळा आहे. लाकडी हातोडीनं खोड वाजवून पाहिलं तर भरीव आणि पोकळ आवाजातला फरक अननुभवी कानालाही कळतो. दोन जाड फांद्या अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वाढल्या असतील आणि सांध्यात साल आत दबली असेल, तर वादळात तो सांधा पहिला फाटतो. रेन ट्रीला आणखी एक दुखणं असतं ते मिलीबगचं. पांढऱ्या कापसासारख्या किडीनं पानं गळून आख्ख्या फांद्या वाळतात. मुंबईत या किडीनं रस्त्यांवरचे कितीतरी रेन ट्री वाळले. वाळकी फांदी हिरवीपेक्षा आधी पडते, तेव्हा तुमच्या दुचाकींवर पडलेली फांदी हिरवी होती की वाळकी, हे आठवून लिहा. उत्तर तिथूनच सुरू होतं.

भिंतीचं म्हणाल तर भिंतीसाठी झाड तोडणं हा उलटा व्यवहार आहे. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत, फार तर तीन फुटांत आडवी पसरतात. भिंतीचा पाया नेमका त्याच थरात असतो. तेवढ्या भागातली भिंत उतरवून, मुळाच्या दोन बाजूंना छोटे खांब घेऊन वरून लिंटेल (आडवी तुळई) टाका आणि मूळ खालून जाऊ द्या. कुठलाही बरा गवंडी हे काम करतो, आणि झाड तोडण्याच्या, बुंधा काढण्याच्या व नवी रोपं लावण्याच्या खर्चापुढे ते स्वस्त पडतं. मात्र 'भिंतीची मुळं तेवढी कापून टाकू' असं कोणी म्हणालं तर हात धरा. बुंध्याजवळची जाड मुळं एका बाजूनं कापली की झाडाचा आधारच जातो आणि दोन पावसाळ्यांत ते उरलेल्या बाजूला आडवं होतं. छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास भरेल त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ झाडाच्या मुळांसाठी जपायचं, असं वृक्षतज्ज्ञ मानतात. सोसायटीच्या आवारात एवढी मोकळी जागा कुठली, हे मलाही माहीत आहे. पण खोदकाम करताना निदान बुंध्यापासून शक्य तेवढं लांब राहा. पार्किंगसाठी बुंध्याला भिडवून काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घातले असतील तर तेही काढा. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचं १ मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आदेश तिथला, पण मुळांना पाणी आणि हवा सगळीकडेच लागते.

एवढं पाहून झालं की निष्कर्ष निघतो. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं ते असं: कल जुना असेल आणि तळाशी आळंब्या नसतील, तर तुमचं काम पार्किंगवर आलेल्या फांद्यांचा भार उतरवून आणि वाळकं काढून भागेल. तोडीचा अर्ज तिथे गरजेचा नाही. त्यातून व्यवहाराचाही फायदा आहे, तो पुढे येईलच.

अर्ज कुठे करायचा? पुण्यात तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या उद्यान विभागाकडे, मुंबईत वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याकडे. बहुतेक मोठ्या महापालिकांनी संकेतस्थळावर ऑनलाइन सोय केली आहे. सोबत सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र, ठरावाची प्रत, मालमत्ता कराची पावती किंवा प्रॉपर्टी कार्ड, झाडं कुठे आहेत त्याचा हातानं काढलेला नकाशा आणि फोटो. फोटोंत एक लांबून पूर्ण झाडाचा हवा, एक बुंध्याचा आणि एक नेमक्या दोषाचा. आवारात अनेक झाडं असतील तर नकाशात आकडे टाका आणि तेच आकडे फोटोंवर. शुल्क आणि अनामत प्रत्येक महापालिकेची वेगळी असते, तेव्हा दुसऱ्या शहरातल्या मेहुण्यानं किती भरले यावर जाऊ नका. पत्रात भाषा साधी ठेवा: 'झाड क्रमांक २, रेन ट्री, पार्किंगच्या बाजूच्या दोन फांद्या, त्यातली एक वाळलेली, दुसरीच्या सांध्यात चीर. या दोन फांद्यांची छाटणी हवी.' अशा पत्रावर पाहणी करणाऱ्याला हो म्हणणं सोपं जातं. 'पानांचा कचरा पडतो, पक्षी घाण करतात, उजेड अडतो' हे मात्र लिहू नका. तक्रार खरी असेल, पण त्या कारणावर झाड जात नाही आणि तुमचा खरा मुद्दाही हलका होतो.

तोडीचीच गरज असेल तर कायदा तुमच्या बाजूनं असणारी कारणंही सांगतो: झाड मेलेलं किंवा रोगट असणं, वाऱ्यानं पडलेलं असणं, जीविताला वा मालमत्तेला धोका असणं, रहदारीला अडथळा होणं, आग किंवा विजेनं मोठं नुकसान झालेलं असणं. तुमचा दोष यांपैकी कशात बसतो ते सरळ लिहा. मग वृक्ष अधिकारी स्वतः पाहणी करतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघते आणि झाडावरही ठळक जागी नोटीस लागते. लोकांच्या हरकती येतात, त्या ऐकल्या जातात आणि प्रकरण वृक्ष प्राधिकरणापुढे जातं. महापालिकेत या प्राधिकरणाचे अध्यक्ष आयुक्त असतात. हे सगळं व्हायला आठवडे नव्हे, महिने लागू शकतात. म्हणून मे महिन्यात धावत जाऊन उपयोग नाही. मेमध्ये सगळं शहर तिथे रांगेत असतं. डिसेंबर-जानेवारीत अर्ज टाकला तर पाहणी निवांत होते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रेन ट्रीची पानं उतरली की फांद्यांचा सांगाडाही स्पष्ट दिसतो.

आता तो व्यवहार. २०२१ च्या दुरुस्तीनं झाडाच्या वयाला मोठं महत्त्व आलंय. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. तीही बोटभर रोपं नव्हेत, ६ ते ८ फूट उंचीची, जिओ-टॅग केलेली (म्हणजे नेमकी जागा डिजिटल नकाशावर नोंदवलेली) आणि ७ वर्षं जगवलेली. चाळीस वर्षांच्या रेन ट्रीच्या बदल्यात चाळीस झाडं तुमच्या आवारात कुठे मावणार? मग महापालिका सांगेल त्या जागेवर किंवा मोबदल्याच्या रूपानं हिशेब चुकवावा लागतो. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड असेल तर ते 'प्राचीन वृक्ष', म्हणजे बोलण्यातला हेरिटेज ट्री. त्याच्या तोडीची परवानगी आणखी अवघड. तेव्हा वयाचा अंदाज कोण आणि कसा काढतो याकडे लक्ष ठेवा. खोडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजतात आणि प्रजातीनुसार वयाचा अंदाज बांधतात. रेन ट्री भराभर जाड होतो. सावकाश वाढणाऱ्या चिंचेचा किंवा आंब्याचा हिशेब त्याला लावला तर वय फुगतं. इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला, जुने फोटो, आधीच्या वृक्षगणनेतली नोंद असं काही असेल तर पाहणीच्या वेळीच पुढे करा. वृक्षगणना दर पाच वर्षांनी करणं हे प्राधिकरणाचं कामच आहे, त्यामुळे तुमच्या झाडाची नोंद कुठेतरी असायला हवी. हे उलटही लागू पडतं. झाड सोसायटीच्या आधीपासून शेताच्या बांधावर उभं असेल आणि जुने रहिवासी ते सांगत असतील, तर वय कमी दाखवायचा खटाटोप करू नका. हरकत घेणारे तुमचे ज्येष्ठ सभासद तोच मुद्दा घेऊन उभे राहतील.

परवानगी हाती आली की ती वाचा. हसू नका, बरेच जण वाचत नाहीत. कुठलं झाड, किती झाडं, तोड की छाटणी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, बदल्यात किती झाडं, अनामत किती. आकड्याच्या बाहेर एक झाडही जाता कामा नये. मुंबईत मेट्रोच्या आरेतल्या कारशेडसाठी सर्वोच्च न्यायालयानं ८४ झाडांपुरता अर्ज पुढे नेण्याची मुभा दिली होती. वृक्ष प्राधिकरणाकडे मागणी गेली १७७ झाडांची. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनला १० लाख रुपये भरायला लावले. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला आकडा पाळायला लागतो, तर सोसायटीचं काय घेऊन बसलात.

तोवर धोक्याचं काय? इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. फांदी फाटून लोंबकळतेय, झाड रात्रीत झुकलंय, जमिनीत भेग पडलीय, ही आणीबाणी. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा महापालिकेच्या आपत्ती कक्षाला फोन करा. मुंबईत त्यासाठी १९१६ आहे. तारा गुंतल्या असतील तर वीज कंपनीला आधी सांगा आणि पुरवठा बंद झाल्याशिवाय कोणालाही शिडी लावू देऊ नका. फोटो, वेळ, कोणाशी बोललात ते लिहून ठेवा आणि त्याच दिवशी उद्यान विभागाला लेखी कळवा. दुसरी गोष्ट रोजच्या जोखमीची. खाजगी आवारातल्या झाडाची देखभाल सोसायटीची असते, त्यामुळे तुम्हाला धोका ठाऊक असून काहीच केलं नाही, असं चित्र राहता कामा नये. त्या फांद्यांखालचं पार्किंग बंद करा, दोरी बांधून सूचना लावा, सभासदांना लेखी कळवा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. गाड्यांचं म्हणाल तर झाड पडून झालेलं नुकसान सर्वंकष विमा असेल तर मिळतं. नुसता थर्ड पार्टी असेल तर मिळत नाही. नोटीस बोर्डावर हेही लावून टाका, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

छाटणीच्या दिवशी कोणीतरी जाणतं माणूस समोर उभं राहिलंच पाहिजे. ठेकेदाराचे लोक वेळ वाचवायला सगळा माथा उडवतात, त्याला मी मुंडण म्हणतो. दिसायला काम भरपूर झालेलं वाटतं. पण मुंडण केलेल्या झाडाला त्या खुंटांवरून झुपक्यानं नवे फुटवे येतात. ते आतल्या लाकडात रुजलेले नसतात, सालीलगत चिकटलेले असतात, आणि चार-पाच वर्षांत जाड झाले की वाऱ्यात सालीसकट निघतात. म्हणजे पैसे देऊन पुढचा धोका विकत घेतला. एका वेळी झाडाच्या पर्णसंभाराचा पाव भाग हा वरचा पल्ला समजा. जाड फांदी तीन कापांत उतरवायची: खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, म्हणजे फांदी साल न सोलता पडते. शेवटी उरलेला खुंट कापायचा. तो खोडाला चाटून नाही आणि लांब खुंट ठेवूनही नाही. फांदीच्या मुळाशी सालीची जी सुजल्यासारखी वळकटी असते तिच्या जेमतेम बाहेर. जखम भरून काढणाऱ्या पेशी तिथेच असतात. कापावर डांबर, ऑइल पेंट, गेरू फासायची काही गरज नाही. झाड माणसासारखी जखम भरत नाही, कुजलेला भाग भिंत घालून आत बंद करतं. वरचा रंग फक्त आपल्या समाधानासाठी असतो.

कामाआधी फांद्यांत घरटी आहेत का ते दुर्बिणीनं नाही तर निदान डोळ्यांनी नीट पाहा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच घातलेलं आहे. रेन ट्रीवर बगळे, ढोकरी पावसाळ्यात वसाहत करतात. म्हणजे जून-जुलैत घाईनं छाटणी करण्याचा आणखी एक तोटा. उतरवलेला पाला जाळायचा नाही. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल हरित लवादानं २०१६ मध्ये साध्या प्रकरणात ५ हजार आणि मोठ्या ढिगाला २५ हजार रुपये भरपाई ठरवली होती. बागेचा कचरा वेगळा ठेवून महापालिका सांगेल तसा द्यायचा किंवा आवारातच खत करायचं. लाकूड कोणाचं, ते आवाराबाहेर नेता येतं का, हे परवानगीत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर ठेकेदाराला ट्रक भरू देण्याआधी विचारून घ्या. काही ठेकेदार मजुरी कमी सांगतात ती लाकडाच्या भरवशावर, आणि मग जाड फांद्याच नेमक्या जास्त कापल्या जातात.

इतर प्रकार थोडक्यात. फुटपाथवरचं झाड तुमच्या गॅलरीत आलं असेल तर ते महापालिकेचं आहे, छाटणी तीच करते, तुम्ही फक्त तक्रार नोंदवा. शेजारच्या प्लॉटमधली फांदी तुमच्या हद्दीत आली तरी परवानगीचा नियम सुटत नाही. शेजाऱ्याला सोबत घेऊन एकच अर्ज करा. खाडीकाठी कांदळवन असेल तर त्याला हातच लावायचा नाही. तिथला कायदा वेगळा आणि फार कडक आहे. पुनर्विकासाचं प्रकरण असेल तर विकासकाच्या वृक्ष परवानगीची प्रत करारावर सही करण्याआधी मागा. पुनर्रोपण करू असं आश्वासन मिळालं तर कुठे करणार, कोण बघणार आणि मेलं तर काय, हे तीन प्रश्न लेखी विचारा. मोठी झाडं उपटून लावली की जगण्याचं प्रमाण निराशाजनकच असतं.

माहितीचा मार्ग दोन्ही बाजूंना मोकळा आहे, अर्जदारालाही आणि विरोध करणाऱ्यालाही. अर्जाचं पुढे काय झालं हे कळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली १० रुपयांचा अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर प्रथम अपील. पण 'माझा अर्ज का अडवला?' असं विचारू नका. 'का'ला उत्तर मिळत नाही, कागदाला मिळतं. स्थळपाहणी अहवालाची प्रत मागा, फायलीवरच्या शेऱ्यांची प्रत मागा, अनामत पावतीची प्रत मागा, बदल्यात लावलेल्या झाडांच्या जागांची यादी मागा. फाईल प्रत्यक्ष पाहायलाही मागता येते आणि बऱ्याचदा ते जास्त कामाचं ठरतं. महापालिकेची ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित असेल तर तिची मुदतही यादीत दिलेली असते. ती मुदत उलटली की अपिलाचा रस्ता वेगळा आणि वेगवान आहे.

आणि ते तक्रार करणारे सभासद. त्यांना शत्रू समजू नका, पाहणीच्या वेळी सोबत बोलवा. अधिकाऱ्यापुढे दोन बाजू एकाच झाडाखाली उभ्या राहिल्या की जाहीर नोटिशीनंतरची हरकत आणि तिची सुनावणी बहुधा टळते. ज्या दोन फांद्या उतरवायच्या त्यांवर खडूनं खूण त्यांच्यासमोरच करा. छाटणीच्या दिवशी ठेकेदाराच्या लोकांवर नजर ठेवायला त्यांच्याइतका चोख माणूस तुम्हाला सोसायटीत दुसरा मिळणार नाही.